अकीकची अंगठी: आधी बोट, मग खडा

अक्कलकुव्याच्या मदरशातला एक विद्यार्थी पहिल्यांदा माझ्याकडे अंगठी करायला आला, त्याला आता वीस वर्षं होतील. शहाद्यातलं माझं चांदीचं दुकान बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यापासून चार पावलांवर आहे. मुलगा बिहारचा, सतरा-अठरा वर्षांचा. वडिलांनी हजहून आणलेला अकीकचा तांबडा खडा त्याने रुमालाची गाठ सोडून काउंटरच्या काचेवर ठेवला. मी मन लावून अंगठी केली. भरदार कडी, दोन्ही खांद्यांवर वेल, सात ग्रॅम चांदी. घ्यायला आला तेव्हा त्याने ती तळहातावर तोलली, उजेडात फिरवून पाहिली आणि हळूच परत ठेवली. "काका, बहुत खूबसूरत है. मगर चांदी ज़्यादा हो गई. मैं पहन नहीं सकूँगा."

मग त्यानेच मला समजावलं. पुरुषाला सोनं वर्ज्य, चांदीची अंगठी चालते. पण हनफी पंथात ती एका मिस्कालापेक्षा कमी वजनाची हवी. मिस्काल म्हणजे आपल्या मापाने ४.३७ ग्रॅम. खड्याचं वजन त्यात धरत नाहीत, फक्त चांदीचं. मी आटणीत टाकून ती अंगठी पुन्हा केली, चार ग्रॅमच्या आत. तेव्हापासून अकीक घेऊन कुणीही आलं की मी आधी खडा हातात घेत नाही. आधी विचारतो: घालणार कोण, कोणत्या बोटात, आणि त्या हाताचा दिवस कसा जातो?

हे सगळं लिहून काढतोय ते दोघांसाठी. ज्याला अकीकची अंगठी करून घ्यायची आहे त्याच्यासाठी, आणि आमच्या धंद्यात नव्याने बसलेल्या पोरांसाठी.

बोटाचं माप

मुसलमान पुरुष गिऱ्हाइकाला तर्जनी किंवा मधल्या बोटाचं माप विचारू नका. त्या दोन बोटांत अंगठी घालायला हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, मनाई आहे, हेही मला त्या मुलानेच सांगितलं. करंगळी किंवा अनामिका. माप सकाळी घेऊ नका, तेव्हा बोट बारीक असतं, संध्याकाळी घ्या. कडी सांध्यावरून थोडी अडून आत गेली पाहिजे आणि आत गेल्यावर बोटाभोवती सहज फिरली पाहिजे. फिरणं महत्त्वाचं. नमाजी माणूस दिवसातून पाच वेळा वुजू करतो, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुतो, आणि अंगठीखालच्या कातडीला पाणी लागलंच पाहिजे. घट्ट अंगठी प्रत्येक वेळी ओढून काढावी लागते. खड्यावर अल्लाहचं नाव कोरलेलं असेल तर शौचाला जाताना ती काढून ठेवतात, म्हणून ती एका हाताने, न अडखळता निघायला हवी.

दिवसातून पाच वेळा पाणी म्हणजे दुसरीही एक गोष्ट आली. आमच्याकडे पूर्वापार खड्याच्या मागे लाख भरून कोंदण बंद करायची रीत आहे. रोजच्या पाण्यात ती लाख सुटते, आत ओल धरते, खडा मळकट दिसायला लागतो आणि एक दिवस डुगडुगतो. अकीक मागून उघडा ठेवा. तळाला खिडकी कापा. पाणी शिरतं तसं निघून जातं, उजेड आरपार येतो आणि खडा कातडीला लागतो. खडा अंगाला लागावा अशी बहुतेकांची इच्छा असतेच, मग ते कोणत्याही धर्माचे असोत.

खडा खरा शे का?

हा प्रश्न मला ईदच्या आधी रोज ऐकावा लागतो आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा उठली की पुन्हा. "भाऊ, हाऊ खडा खरा शे का?" उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिला घोळ नावाचा. अकीक, हकीक एकच. पण जुन्या मराठी पुस्तकांत अकीकला कुठे कुठे गोमेद म्हटलेलं आढळतं, आणि नवग्रहांतला राहूचा गोमेद हा वेगळाच दगड आहे, गार्नेटच्या जातीचा. कुणी "गोमेद" म्हणून अकीक चढ्या भावाला देत असेल तर परत द्या. अकीक हा गारगोटीच्या कुळातला, अतिशय बारीक कणांचा दगड. काळ्यावर पांढरे पट्टे असले की सुलेमानी म्हणतात. एकसारखा तांबडा-नारिंगी असला की इंग्रजीतलं कार्नेलियन. यमनचा अकीक म्हणतात तोही याच जातीचा. शिया मंडळी त्याला फार मानतात.

आपल्या खानदेशच्या पायाखाली हा दगड भरपूर आहे. साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि सिलिका विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिलं. थरावर थर बसत गेले, ते अकीकचे पट्टे. अशाच पोकळ्यांत सावद्याच्या खाणींतले झिओलाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक वाढले, जे जगभरातले संग्राहक घेतात. काळा पाषाण झिजतो, अकीक झिजत नाही, म्हणून तो सुटून नदीत येतो. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे, तिथे १९५५ साली उत्खनन झालं तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या लोकांनी याच जातीच्या दगडाची केलेली बारीक पाती निघाली. चाळीसगावजवळच्या पाटण्याची हत्यारं तर त्याहून कितीतरी जुनी. आपण ज्याची अंगठी करतो त्याने इथले लोक एके काळी मांस कापत होते.

तुम्हाला स्वतः शोधायचा असेल तर पावसाळा सरल्यावर, पाणी उतरल्यावर वाळूत पाहा. कोरडा अकीक वरून मातकट, खडबडीत, बटाट्यासारखा दिसतो. कुणी उचलणार नाही. ओला करून उन्हाकडे धरा. कडेने मधासारखा उजेड आत शिरला तर तो अकीक. फुटलेली बाजू शिंपल्याच्या आतल्या भागासारखी वळणदार आणि गुळगुळीत असते. मूठभर घ्या, पिशव्या भरू नका. आणि प्रकाशे-सारंगखेड्याला बॅरेज आहेत, दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने चढतं. भोंगा ऐकू आला की खडे तिथेच टाका आणि वर या.

विकतचा खडा पारखायचा तर मी या क्रमाने जातो.

आधी गालाला लावतो. प्लास्टिक आणि राळ लगेच कोमट होतात, दगड गार राहतो. काचही गार असते, म्हणून मग दहापट भिंग. काचेत गोल बुडबुडे सापडतात आणि वळसे दिसतात, साखरेचा पाक पाण्यात सोडल्यासारखे. अकीकमध्ये बुडबुडा नसतो. ढग असतात, पट्टे असतात, कधी शेवाळासारखी जाळी. मग खड्याच्या मागच्या कडेवर, जिथे दिसणार नाही तिथे, चाकूचं टोक ओढतो. चांगल्या अकीकवर ओरखडा उठत नाही, उलट पोलादाचीच करडी रेघ दगडावर उमटते, ती बोटाने पुसली जाते. अकीकची कठीणता साडेसहा ते सात, साध्या काचेची साडेपाच. पण गिऱ्हाइकाच्या खड्याच्या दर्शनी बाजूवर असला प्रयोग कुणी करू नये. मी एकदा केला आहे, दगड कच्चा निघाला, आणि त्या बाईंच्या आईची आठवण होती ती.

रंगाचं वेगळं. गडद निळा, पोपटी, गुलाबी, जांभळा अकीक दिसला की तो रंगवलेला आहे असंच धरून चाला. अकीक बारीक छिद्रांचा असतो, रंग पितो. कुचकुचीत काळाही बहुधा केलेला असतो: साखरेच्या पाण्यात मुरवायचा आणि मग गंधकाच्या तेजाबात टाकायचा, साखर आतल्या आत जळून कोळसा होते. ही युक्ती फार जुनी आहे. रंगवलेला खडा भिंगाखाली पाहिला तर चिरांमध्ये रंग जास्त साठलेला दिसतो. नखपॉलिश काढायच्या द्रवाने कापूस ओला करून घासला तर हलका रंग कापसाला लागतो. पण पक्का रंग लागत नाही, म्हणजे कापूस स्वच्छ निघाला तरी खडा नैसर्गिकच आहे असं समजू नका.

रंगवलेला अकीकसुद्धा अकीकच. सांगून, त्या भावात विकला तर त्यात फसवणूक नाही. मला राग येतो तो निळा खडा "यमनी" म्हणून देणाऱ्याचा.

आणि तांबडा? तांबडा अकीक बहुतेक वेळा भाजलेला असतो. त्याला मी खोट म्हणत नाही. का, ते खंबातला जाऊन पाहिलं की कळतं.

खंबात

अक्कलकुव्याहून आमचा रस्ता तसाच पुढे डेडियापाडा, नेत्रंग करत अंकलेश्वरला जातो. नेत्रंग सोडल्यावर उजव्या अंगाला झगडिया तालुका. तिथे रतनपूरच्या टेकड्यांत अकीकच्या खाणी आहेत आणि टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा. हे सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे पीर, अकीकच्या धंद्याचे रक्षक मानले जातात. भिल्ल मजूर खोल खड्डे खणून दगड काढत आले. सोळाव्या शतकातले पोर्तुगीज प्रवासी लिमोद्र्याच्या अकीकची नोंद करून गेले आहेत, ते लिमोद्रा इथलंच. दगड इथला, कारागिरी मात्र खंबातची.

१९८८ साली मी तेवीस वर्षांचा होतो. वडिलांनी मला खंबातला एका ओळखीच्या उस्तादांकडे अडीच महिने ठेवलं, खडा घासायला शीक म्हणून. नंदुरबारहून सुरत, सुरतहून आणंद, तिथून खंबातची छोटी गाडी. कधी काळी हे मोठं बंदर होतं. आखात गाळाने भरत गेलं आणि जहाजं थांबली. १३२५ सालची जामा मशीद अजून उभी आहे, इब्न बतूता या गावात राहून गेला, त्याच्याही शंभर वर्षं आधी औफी नावाचे फारसी विद्वान इथे काझी होते. दाऊदी बोहऱ्यांच्या पंथाची गुजरातेतली सुरुवातही खंबातपासून सांगतात. ज्ञान आणि दगड एकाच बंदरातून ये-जा करत होते. लोथल या हडप्पा संस्कृतीतल्या गावाच्या काळात, म्हणजे चार हजार वर्षांमागे, याच किनाऱ्यावरचे कार्नेलियनचे मणी इराकपर्यंत पोचले होते.

भाजण्याचं काम मी तिथे पाहिलं. खाणीतून आलेला दगड पिवळट-तपकिरी असतो. आधी तो कित्येक महिने उन्हात पसरतात, आतली ओल जावी म्हणून. मग मातीच्या मडक्यांत भरून गोवऱ्यांच्या मंद आचेवर रात्रभर. दगडात मुरलेलं लोहाचं पिवळं संयुग उष्णतेने तांबडं होतं, गेरू भाजल्यावर लाल होतो तसं. घाई केली, ओला दगड आगीत टाकला, तर तडकतो. हा रंग दगडाचाच असतो, बाहेरून आणलेला नसतो, आणि तो उडत नाही. म्हणून भाजलेला तांबडा अकीक मी खरा म्हणूनच देतो.

उस्तादांच्या अंगणात जमिनीत एक टोकदार लोखंडी खुंटी तिरपी पुरलेली होती. दगड त्या टोकाला टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने दुसऱ्या बाजूने हलका ठोका द्यायचा. टवका खुंटीच्या बाजूने उडतो. हातोडीचा दांडा बांबूच्या सालीचा, इतका लवचिक की मनगटाला झटका बसत नाही. उस्ताद आधी दगड खुंटीवर नुसता वाजवून पाहत. "सुन. टन बोले तो ठीक, थप बोले तो अंदर से फटा है." आजही खडा घेताना मी दुसऱ्या खड्यावर टिचकीने वाजवून बघतो.

खंबातला खडे घ्यायला जायचं असेल तर दुकानात जाण्याआधी असं एखादं अंगण शोधा आणि तासभर बसा. तिथे खडा घेताना एक प्रश्न जरूर विचारा: घासताना पाणी चालू असतं का, धूळ ओढायचा पंखा आहे का? हा प्रश्न मी का विचारायला लावतो ते सांगतो. अकीक म्हणजे सिलिका. कोरडा घासला की तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते आणि फुप्फुसात कायमची बसते. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यावर बरं करणारा इलाज नाही. माझे उस्ताद पंचेचाळिशीत धापा टाकायला लागले. एका मोठ्या दवाखान्यात त्यांना क्षयाची औषधं दोन वर्षं दिली गेली. दगड घासणारा माणूस आहे, हे त्यांना कुणी विचारलंच नाही. १९९६ ला ते गेले. त्यांच्या घरात त्याच दुखण्याने गेलेले ते तिसरे होते. चकचकीत खडा स्वस्तात मिळाला की मला तो स्वस्तपणा कुणाच्या छातीतून आला हे आठवतं.

यातून घरच्यांसाठी एक पक्का नियम: नदीतला खडा सापडला म्हणून ग्राइंडरवर कोरडा धरू नका. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. घासायचाच तर पाण्यात, पाणीकागदावर, हाताने: आधी १२०, मग २२०, ४००, ८००, १२००, आणि शेवटी चामड्यावर सेरियम ऑक्साइड या चमक आणणाऱ्या भुकटीचा ओला लेप. एका खड्याला चार संध्याकाळी जातील. चिखल सुकू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

कोंदण

आता कामाचं. लंबगोल खडा, १२ बाय १० मिलिमीटर, वरून फुगीर, खालून सपाट, उंची साडेचार. साधी मर्दानी अंगठी, चांदी चार ग्रॅमच्या आत.

खड्याची खालची कड आधी नखाने तपासा. धारदार असेल तर ओल्या पाणीकागदावर एक हलका हात फिरवा. धारदार कड पट्टी दाबताना टवका सोडते.

खड्याभोवतीची पट्टी शुद्ध चांदीची घ्या, ९२.५ ची नको. शुद्ध चांदी मऊ असते, खड्यावर कणकेसारखी वळते. जाडी ०.३ मिलिमीटर, उंची अडीच. कागदाची चिंधी खड्याभोवती गुंडाळून लांबी काढा, पट्टी तेवढीच कापा. दोन्ही टोकं कानशीने अशी सपाट करा की उजेडाकडे धरल्यावर सांध्यातून फट दिसू नये. फटीत डाख, म्हणजे सांधा जोडायचा वितळणारा धातू, भरून काम भागवलं तर दाबताना नेमकं तिथेच उसवतं. टाकणखार पाण्यात उगाळून लावा, डाखेचा कण ठेवा, आणि ज्योत सांध्यावर न रोखता सगळ्या कडीभोवती फिरवत राहा. चांदी उष्णता सगळीकडे पळवते. सगळी कडी एकसारखी तापली की डाख पाण्यासारखी सांध्यात धावते. डाख कॅडमियमविरहित घ्या. जुन्या केडीएम, म्हणजे कॅडमियमवाल्या, डाखेचा धूर विषारी आहे.

पट्टी खड्यावर घालून पाहा. ती घसटत खाली उतरली पाहिजे. सैल झाली तर नवी करा, ओढून-ठोकून बसवू नका.

तळाचा पत्रा ०.८ मिलिमीटर. आधी त्यात खिडकी कापा, खड्यापेक्षा चहूबाजूंनी दोन मिलिमीटर लहान. मग पट्टी त्यावर डाखा. बोटाची कडी साडेतीन मिलिमीटर रुंद, १.४ जाड. ती शेवटी जोडायची, आणि जोडताना आधीच्या सांध्यांवर गेरूचा लेप द्या म्हणजे ते पुन्हा पाघळत नाहीत. हे सगळं हिशेबात धरलं तर चांदी पावणेचार ग्रॅमच्या आसपास बसते. काट्यावर तोला. चार ग्रॅमच्या वर गेली तर कडी आतून कानसा. बाहेरून कानसली तर डौल जातो.

तुरटीच्या पाण्यात उकळा, रिठ्याच्या पाण्याने ब्रशने घासा. आगीचं काम पूर्ण संपेपर्यंत खडा जवळसुद्धा आणू नका. अकीक भाजलेला असतो म्हणून ज्योत सोसेल, असं नव्या पोरांना वाटतं. एकदम तापला की तो तडकतो, अर्ध्या मिनिटात.

खडा बसवून पाहायच्या आधी कोंदणात आडवा दोरा ठेवा आणि त्यावर खडा दाबा. खडा अडकला तर दोरा ओढून वर काढता येतो. दोरा नसेल तर मागच्या खिडकीतून काडीने ढकलावा लागतो आणि पट्टी वाकडी होते. नीट बसला की दोरा काढून घ्या आणि पट्टी दाबायला सुरुवात करा. एका बाजूने गोल फिरत दाबू नका, पट्टीचा जास्तीचा भाग पुढे सरकत जातो आणि शेवटी सुरकुती उरते. उत्तर दाबा, मग दक्षिण. पूर्व, मग पश्चिम. मग त्यांच्या मधले कोपरे. प्रत्येक वेळी थोडं. आठ जागा दाबून झाल्या की खडा हलणं थांबतं.

शेवटचा हात घोटणीचा. माझी घोटणी अकीकचीच आहे, उस्तादांनी दिलेली. कुत्र्याच्या दाताच्या आकाराचा राखाडी दगड, पितळी टोपणात बसवलेला, लाकडी मूठ माझ्या वडिलांच्या घामाने आणि माझ्या घामाने काळी झालेली. साबणाच्या पाण्यात बुडवून पट्टीच्या कडेवरून फिरवली की चांदी दबते, चमकते आणि खड्यावर अशी चिकटते की नख अडकत नाही. सुती धागा कडेवरून ओढून पाहा. धागा कुठेही अटकला नाही तर झालं.

अशाच घोटणीने पूर्वी कागद घोटत. खळ लावलेल्या हातकागदावर अकीक दाबून फिरवला की तो काचेसारखा गुळगुळीत होतो आणि बोरूची शाई त्यावर फुटत नाही. आपल्या एरंडोलचा हातकागद एके काळी प्रसिद्ध होता. आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला बऱ्हाणपूर, फारुकी सुलतानांनी खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने वसवलेलं, सिंध-गुजरातेतून आलेल्या आलिमांचं, म्हणजे धर्मपंडितांचं, आणि सूफींचं गाव. अली मुत्तकी तिथेच जन्मले, मक्केला गेले आणि हदीसचे मोठे संग्राहक म्हणून ओळखले गेले. मी बऱ्हाणपूरला गेलो की जामा मशिदीत जाऊन भिंतीवरचा लेख बघून येतो. अरबी आहे आणि संस्कृतही, दोन्ही दगडात. संस्कृत मला थोडं लागतं, अरबी नाही. पण छिन्नी एकाच हाताची असावी असं अक्षरांच्या कडा पाहून मला दर वेळी वाटतं.

कोरीव काम

नाव कोरायचं असेल तर ते खडा कोंदणात बसवण्याआधी. वाचण्यासाठी कोरायचं की शिक्का उठवण्यासाठी, हे लिहून घ्या. शिक्क्याला अक्षरं उलटी लागतात. हिऱ्याची कणी लावलेली बारीक सुई, खडा पाण्यात अर्धा बुडालेला, आणि हात टेकवायला लाखेचा गोळा.

अरबी लिपी येत नसेल तर नमुन्यावर विसंबून कोरू नका. मी एकदा "रहीम" कोरलं. नमुन्याच्या झेरॉक्सवर एक काळा ठिपका पडला होता, तो मी नुक्ता समजून मन लावून कोरला. "ह"चा "ख" झाला. घ्यायला आलेल्या मुलाने अंगठी बघितली, काही बोलला नाही, नुसतं बोट ठेवलं. खड्याचा वरचा थर पाऊण मिलिमीटर घासून पुन्हा कोरावा लागला. त्यानंतर मी लिहिलेला कागद अक्कलकुव्याच्या कुणातरी विद्यार्थ्याला आधी दाखवतो. १९७९ पासून तिथे जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम चालते, देशभरातली मुलं शिकतात. दर गुरुवारी-शुक्रवारी त्यांतली दोन-चार बाजारात येतात. कागद पुढे केला की उभ्या उभ्या वाचतात, चुकलं असेल तर माझ्याच पेनाने दुरुस्त करून देतात आणि चहाला नाही म्हणतात.

वापरताना

अकीक मजबूत असतो, पण फरशीवर पडला तर कडेचा टवका जातो. वुजूच्या वेळी अंगठी मोरीच्या कठड्यावर ठेवू नका, खिशात ठेवा. चांदी काळी पडली तर रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश. रंगवलेला खडा असेल तर चांदी उजळायचं तयार औषध वापरू नका. शेतात फवारणी करायला जाताना अंगठी घरी ठेवा, गंधकाने चांदी एका दिवसात काळवंडते.

वर्षातून एकदा खडा अंगठ्याने दाबून कानाजवळ हलवा. टिकटिक ऐकू आली तर पट्टी सैल झाली आहे. चिकटद्रव्य घालू नका, ते पिवळं पडतं आणि मग मला खरवडायला तास जातो. जवळच्या कुठल्याही सोनाराकडे जा आणि आठ जागा पुन्हा दाबून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. मी त्याचे पैसे घेत नाही.